बलांगीरचा फोन

साधना : ...आधी बसा तरी, देवसिंगभाऊ. फोन यायला वेळ आहे अजून.

देवसिंग : बसत नाही, बाई. मांगच्या खेपेले नागपूरच्या दवाखान्यात असंच बलावलं होतं. गेलो, त दुसऱ्याचीच माय. ते बिचारी माह्याकडं पाहून हासली. पुन्हा तसं झालं त सोसन नाही मले.

साधना : या वेळी मी स्वतः बोलले तिच्याशी. माझी बालमैत्रीण उज्ज्वला बंजारा तांड्यातली. तिच्या घरी खेळता खेळताच गोरबोली शिकले मी.

देवसिंग : पन तुमी आमच्या शाळेवर आल्या, तवा माही माय, याडी, हरवून गेली होती. तिचा आवाज तुमाले काय ठावा?

साधना : म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

देवसिंग : इकडं कापसाची पराटी लाल्या रोगानं गेली, म्हनून बायांच्या टोळीसंग गुजरातले गेलती कापूस येचाले. ते ओरिसात कशी जाईन?

साधना : येताना टोळीतून चुकली. गाडी बरोबर धरली, पण अंगात ताप. उतरायचं स्टेशन, मग नागपूरही मागे पडलं ते कळलंच नाही. बलांगीरच्या फलाटावर नंदबाबूंना सापडली. तेव्हापासून त्यांच्याच घरी आहे. तापानं नाव-गाव, मराठी सगळं पुसलं, गोरबोली तेवढी उरली. गाव विचारलं की म्हणते, तांडा.

देवसिंग : हे नंदबाबू कोन?

साधना : आमचं पुसदचं नागरिक मंडळ आहे ना, तसंच बलांगीरला आहे. त्याचे ते अध्यक्ष.

देवसिंग : म्या हासो तुमाले. म्हनो, चौकातला दिवा लावाले दिल्लीचा महासंघ कायले पाह्यजे?

साधना : ठाऊक आहे मला. त्याच महासंघाची बैठक होती दिल्लीला. गावोगावची मंडळं आलेली. नंदबाबू उभे राहिले, म्हणाले, ठराव मागून करा, आमच्याकडे एक आजी आहे, तिची भाषा कोणाला येते ते आधी सांगा. घरी फोन लावला, आणि फोन हातोहात फिरला. राजस्थानवाल्यांना अर्धंमुर्धं उमजलं. मग माझ्याकडे आला. ती सारखी म्हणत होती, "देवा, देवा." सगळ्यांना वाटलं, जप करते.

देवसिंग : देवा?

साधना : मी विचारलं, देवा कोण? म्हणाली, माझा पोरगा. उपाशी असेल.

देवसिंग : बाई... म्या तेरवी केली तिची. लय वाट पाह्यली. मंग तांड्याचा नाईक म्हने, जीव मोकळा कर तिचा. साऱ्या तांड्याले जेवन घातलं. जित्या मायची तेरवी! आता कोन्या तोंडानं बोलू?

साधना : याच तोंडानं. वाजला बघा. घ्या.

(फोनवरचं बोलणं गोरबोलीत, इथं मराठीत.)

देवसिंग : याडी?

सुखीबाई : कोण?

देवसिंग : मी. देवा.

सुखीबाई : जेवला का?

देवसिंग : जेवलो. याडी, मी... मी तुझी तेरवी केली.

सुखीबाई : केली? लापशी केली होती का?

देवसिंग : केली होती.

सुखीबाई : तूप सोडलं का वरून?

देवसिंग : सोडलं. तू रडू नको.

सुखीबाई : रडतोस तू. मी आल्यावर पुन्हा कर. माझंच जेवण राहिलं.

देवसिंग : मी येतो न्यायला. उद्याच निघतो.

सुखीबाई : ये. इथल्या बाईनं लेकीसारखं केलं माझं. तिच्यासाठी लुगडं आण, चांगलं. आणि यंदा पराटी कशी आहे?

देवसिंग : चांगली आहे. बोंडंच बोंडं.

सुखीबाई : हं. खोटं बोलताना अजून तुझा आवाज बारीकच होतो.

देवसिंग : ...साधनाबाई, याडीच हाय.