सतरावी चाल

मालिनी : भडंगाचा डबा वर ठेवा, खाली चेपून भुगा होईल त्याचा.

गुरुनाथ : त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला भडंग कसलं देतेस? दात तरी असतील का त्याला?

मालिनी : म्हणून तर बेदाणेही घेतलेत. सांगलीची माणसं आलीत हे कळायला नको? गुंजन, गाडी किती वाजता म्हणालीस?

गुंजन : अकरा वीस, आजी. अजून तासभर आहे. इथून एनस्खेडे स्टेशनपर्यंत बस, तिथून ग्रोनाउ पंधरा मिनिटं. मध्ये कुठेतरी नेदरलँड्स संपतं आणि जर्मनी लागतं, ते फोनवर मेसेज आला की कळतं.

मालिनी : एवढंच? आणि हे म्हणायचे, इल्याला भेटायचं तर पुढचा जन्म घ्यावा लागेल. त्याला तिकडून सोडत नाहीत, मला इकडे रजा मिळत नाही.

गुंजन : मला कुणीतरी नीट सांगा ना. लॅबमध्ये मी 'आजोबांचा चेस फ्रेंड' एवढंच सांगून सुट्टी टाकलीय. हे इल्या मूळचे खारकोवचे, बरोबर?

मालिनी : मी सांगते. हे सांगायला बसले तर गाडी चुकेल. आजोबा तुझे सांगलीच्या हेड पोस्टात सॉर्टिंगला होते. एकोणऐंशी साली तिथल्या बुद्धिबळ मंडळात दोन पत्रं आली. एक अमेरिकेतून, ओहायोच्या वॉल्टरचं. दुसरं सोव्हिएत युनियनमधून, या इल्याचं. दोघांनाही पत्रानं खेळायला भिडू हवा होता. मंडळानं दोन्ही पत्रं यांच्या हातात दिली.

गुंजन : दोन्ही? का?

गुरुनाथ : मी पोस्टातला. तिकिटं मीच आणतो, असं त्यांना वाटलं.

मालिनी : एका कार्डावर एक चाल. तिकडे ती दोन राष्ट्रं एकमेकांवर बॉम्ब रोखून बसलेली, एकमेकांच्या ऑलिंपिकला जाईनात, आणि इकडे आमच्या गावभागातल्या दोन खोल्यांत हे दोघांशी एकदम खेळतायत. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, मालिनीबाई, काय विशेष? मी म्हणायची, काही नाही, आज रशियाची चाल आलीय.

गुंजन : आजी, तू भारी होतीस.

मालिनी : होतीस काय? एकदा तर सीआयडीवाला आला घरी. पोस्टातला कारकून रशियाला आणि अमेरिकेला आकडे नि अक्षरं लिहून पाठवतो, म्हणजे हेरच. यांनी पट मांडून दाखवला. मी पोहे केले. तो दोन तास बसला.

गुरुनाथ : आणि मला हरवून गेला.

मालिनी : नवसाचा पाहुणा म्हणून मुद्दाम हरलात, असं म्हणाला होतात तेव्हा.

गुरुनाथ : म्हणालो होतो खरं.

गुंजन : मग इल्या ग्रोनाउला कसे आले?

मालिनी : मुलगी आधी आली, तिच्यामागून शहाण्णव साली हे नवराबायको. आले म्हणून वाचले म्हणायचं. खारकोवची त्यांची इमारत युक्रेनच्या या लढाईत पडली, फोटो पाठवला होता त्यानं. बायको मात्र इथे आल्यावर गेली बिचारी. दर नवीन वर्षाला कार्ड येतं, आणि वर लिहिलेलं असतं, सांगलीच्या उस्तादास.

गुरुनाथ : मालू, मी काय म्हणतो, आज नको जायला.

मालिनी : का? बरं वाटत नाही का? गुंजन, ते तुमच्या डॉक्टरचं, हुइसार्ट्स का काय, त्याचा नंबर बघ बाई.

गुरुनाथ : प्रकृतीला काही झालेलं नाही. त्याचं शेवटचं पत्र वाच गुंजन, टेबलावर आहे. खालून दुसरी ओळ.

गुंजन : थांबा हं. लिहिलंय की, तुझी चौदावी चाल मी अजून विसरलो नाही. ती कशी सुचली ते समोरासमोर बसून सांगशील, तर माझं एक काम पुरं होईल. किती गोड आहेत हे. मग सांगा ना.

गुरुनाथ : मला सुचलीच नव्हती ती.

मालिनी : म्हणजे?

गुरुनाथ : ती वॉल्टरची चाल होती.

मालिनी : अहो, नीट बोला. वॉल्टरशी तुमचा वेगळा डाव होता.

गुरुनाथ : एकच डाव होता तो. इल्याची चाल आली की मी ती माझी म्हणून वॉल्टरला पाठवायचो. वॉल्टरचं उत्तर आलं की ते माझं म्हणून इल्याला. ते दोघे एकमेकांशी खेळत होते, आणि दोघांनाही वाटायचं की सांगलीत एक मोठा खेळाडू बसलाय. मी फक्त बटवडा केला.

गुंजन : ओके. वाव.

गुरुनाथ : मंडळात मी सगळ्यांकडून हरायचो. सीआयडीवाल्याकडूनही हरलो ते पाहुणा म्हणून नाही. पत्र माझ्या हाती आल्यावर वाटलं, आपण हरलो तर चालेल, पण ही माणसं म्हणतील, बुद्धिबळाचं गाव म्हणतात ते हेच का. मंडळाचं नाव जाईल. तेवढ्यापुरतं केलं, आणि मग थांबवता येईना.

मालिनी : किती वर्षं?

गुरुनाथ : सोळा चाली. तीन वर्षं लागली. इथून तिथं, तिथून इथं, एका चालीला दोन-अडीच महिने जायचे.

मालिनी : आणि मी गावभर सांगत फिरले.

गुरुनाथ : तू सांगायचीस तेव्हा तुझा चेहरा असा असायचा, की मला बोलायचं धाडस व्हायचं नाही.

मालिनी : त्रेचाळीस वर्षं झाली हो त्याला. चहात साखर जास्त पडली तरी मला सांगता, आणि हे नाही सांगितलंत?

गुंजन : एक मिनिट, आजोबा. सोळाच चाली? मग पुढे काय झालं?

गुरुनाथ : पुढे चूक झाली. वॉल्टर जुन्या पद्धतीनं लिहायचा. जो खेळतो त्यानं आपल्या बाजूनं घरं मोजायची. इल्याची पद्धत निराळी, कुणीही खेळो, मोजायचं ते पांढऱ्याच्या बाजूनं. एकाचं दुसऱ्याच्या पद्धतीत करायचं काम माझं. सतराव्या चालीला वॉल्टरनं लिहिलं, हत्ती पाचव्या घरात. वॉल्टरकडे काळी मोहरी, त्याच्या बाजूनं पाचवं म्हणजे इल्याच्या हिशेबानं चौथं. मी पाचवंच लिहून टाकलं.

गुंजन : म्हणजे इल्याच्या पटावर हत्ती एक घर अलीकडेच थांबला.

गुरुनाथ : एकच घर. तुझ्या बाबाला गोवर निघाला होता. राघव तापानं फणफणलेला, मालू त्याच्या उशाशी, आणि मी घाईत कार्ड टाकलं. इल्याचं उत्तर आलं तर ते वॉल्टरच्या पटावर बसेचना. दोन पट वेगळे झाले.

गुंजन : मग करेक्शन नाही पाठवलं?

गुरुनाथ : पत्राच्या खेळात एकदा पाठवलेली चाल मागे घेता येत नाही. आणि दुरुस्ती करायची तर सगळंच सांगावं लागलं असतं. मग काय, दोन पट मांडले, एक खिडकीत, एक ट्रंकेवर, आणि स्वतः खेळायला लागलो. दोघांशीही.

मालिनी : ते दोन पट मला आठवतात. ट्रंकेवरच्याला हात लावला म्हणून राघवला ओरडला होतात. आयुष्यात एकदाच ओरडलात.

गुरुनाथ : इल्यानं एकतिसाव्या चालीला मात केली. वॉल्टरनं त्याच्याही आधी. नंतर दोघंही पत्रं लिहीत राहिले, हवापाण्याची, पोराबाळांची. एक्क्याण्णव साली वॉल्टरला सगळं कबूल करायचं ठरवलं. चार पानं लिहिली. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं. पोस्टातला माणूस मी, रोज पेटीसमोरून जायचो, आणि दीड महिना टाकलं नाही. मग त्याच्या मुलीचं पत्र आलं, बाबा गेले म्हणून.

मालिनी : ते पाकीट कुठाय?

गुरुनाथ : कपाटात. तुझ्या शालूखाली.

गुंजन : आजोबा, मला विचाराल तर नका सांगू. ते त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. चौदावी चाल अशीच सुचली म्हणा, हसा, चहा प्या. कुणाचं काय जातंय?

गुरुनाथ : तेच करीन म्हणून तर जायचं नाही म्हणतोय. तो समोर बसून विचारणार, आणि मी तोंडावर खोटं बोलणार. कार्डावर लिहायला सोपं होतं गं. आणि खरं सांगितलं, तर चाळीस वर्षं ज्याला उस्ताद म्हटलं तो नुसता पोस्टमन निघाला, हे त्यानं या वयात का ऐकावं? उठून जा म्हणाला तर? वॉल्टर गेल्यावर एवढा एकच दोस्त उरलाय मला.

मालिनी : उठा.

गुरुनाथ : अगं पण...

मालिनी : एकाला सांगायचं राहिलं ते अजून शालूखाली पडलंय. दुसऱ्याचंही तसंच ठेवायचं का? तो घालवून देणार असेल तर देऊ दे, मी आहे बरोबर. आणि डबा वर ठेवा म्हटलं ना, पुन्हा खाली घातलात.

(परतीची गाडी. तिघं समोरासमोर बसले आहेत. भडंगाचा डबा रिकामा.)

गुंजन : वेलकम टू द नेदरलँड्स, मेसेज आला. आजोबा, आता तरी बोला. आजी स्वयंपाकघरातून दर पाच मिनिटांनी दाराशी जाऊन बघत होती.

मालिनी : बघू नको तर काय? त्याची मुलगी जर्मनमध्ये काहीबाही सांगतेय, गुंजन मला त्याचं मराठी करून सांगतेय, आणि माझं सगळं लक्ष बाहेर. एकदा बघितलं तर दोघंही गप्प. म्हटलं, बिनसलं.

गुरुनाथ : आम्ही गेल्यागेल्या त्यानं बुटाचं एक खोकं पुढे ठेवलं. माझी सगळी कार्डं. खारकोव सोडताना दोन बॅगा आणल्या होत्या फक्त, त्यातल्या एकीत हे खोकं. ते बघून मी चहाचा कप खाली ठेवला. मग धीर करून सांगून टाकलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, एका दमात. वॉल्टर, बटवडा, हत्तीचं घर, सगळं.

मालिनी : रागावला?

गुरुनाथ : नुसती कार्डं चाळली. सोळा एका बाजूला काढली, सतरावं हातात घेतलं. म्हणाला, या सोळांवर नुसती चाल आहे, एक शब्द नाही. इतकं बिनचूक, इतकं गप्प. मला तर वाटायचं, तुमच्या गावात एक समिती असणार. आम्हाला समिती लगेच ओळखू येते.

गुंजन : समिती?

गुरुनाथ : सात-आठ जण बसून ठरवतात आणि तुझे आजोबा सही करतात, असं वाटायचं त्याला. मग सतरावं कार्ड आलं. हत्ती भलत्याच घरात, आणि खाली एक ओळ, मुलाला गोवर निघालाय. मी ते लिहिल्याचं विसरूनही गेलो होतो मालू. तो म्हणाला, मी बायकोला हाक मारून दाखवलं, बघ, समिती उठून गेली, आता माणूस आलाय. तिनं म्हणे त्याच दिवशी राघवसाठी हातमोजे विणायला घेतले.

मालिनी : अगं बाई. ते लाल हातमोजे. सांगलीत लोकरीचे हातमोजे कोण घालतो म्हणून मी हसले होते.

गुरुनाथ : म्हणाला, त्या सोळा चालींना मी मान दिला. पण दोस्त म्हणून पत्रं लिहिली ती सतराव्यापासून. तू वाईट खेळायचास, पण मनापासून खेळायचास.

मालिनी : हे मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं. त्याला तीन वर्षं लागली.

गुंजन : मग ते गप्प का होते?

गुरुनाथ : वॉल्टरमुळे. त्यानं विचारलं, चौदावी चाल ज्याची होती तो करायचा काय? मी म्हटलं, शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचा. त्यावर तो चौदावं कार्ड हातात घेऊन बघत बसला. इल्या रणगाड्यांच्या कारखान्यात होता. आयुष्यभर ऐकलेलं, की हे सगळं अमेरिकेतल्या त्या माणसाविरुद्ध करायचं. म्हणाला, तीन वर्षं मी त्याचं डोकं वाचत होतो आणि मला माहीत नव्हतं. फार शांत चाल होती रे ती, भला माणूस असणार. मी म्हटलं, होता. मग दोघंही जरा रडलो.

मालिनी : मी आले तेव्हा तुम्ही नाक पुसत होतात. मला वाटलं, सर्दी.

गुरुनाथ : मग त्यानं पट काढला. सोळाव्या चालीपर्यंतचा डाव मांडला, कार्ड न बघता. म्हणाला, आता वॉल्टरचा हत्ती त्याच्या खऱ्या घरात ठेव. मी ठेवला. एक घर पुढे.

गुंजन : आणि वॉल्टरच्या बाजूनं खेळणार कोण?

गुरुनाथ : मी. या वेळी पोस्टमन नको, तूच विचार कर म्हणाला.

मालिनी : हराल.

गुरुनाथ : हरेन की.

गुंजन : मग इल्यांनी काय चाल केली?

गुरुनाथ : केली नाही. कार्डानं कळवतो म्हणाला, सांगलीच्या पत्त्यावर.

मालिनी : अहो, तो त्र्याऐंशीचा, तुम्ही ऐंशीचे. एका कार्डाला महिना लागतो हल्ली. सांगायचं नाही का त्याला?

गुरुनाथ : सांगितलं ना. म्हणाला, घाई नाही.