एष्टीतून वाचता येईल असं पोस्टर

...आन् मला सांगा, पोस्टरवर मोकळी जागा ठेवणं म्हंजे काय गुन्हा हाये का? तुम्हाला सांगतो, पंधरा वर्षांनी माझा एकपात्री प्रयोग, पिंपळगाव रेणुकाईला! त्याचं पोस्टर. पांढरा कागद, त्याच्यावर काळं ठळक 'राजानंदचा एकपात्री', खाली शुक्रवार, संध्याकाळी पाच. बस्स! का? तर एष्टीतून वाचता आलं पाह्यजे!

एष्टीत कोण? सुमेधा. हासू नका... कॉलेजात आम्ही एकाच नाटकात होतो. आता ती मास्तरीण हाये, रोज त्याच एष्टीनं शाळेवर जाती-येती. शेवटच्या प्रयोगाला म्हणली होती, "पुन्हा उभा राह्यलास ना, तर पहिल्या रांगेत मी!" लई आठवण येती हो तिची, खोटं कशाला बोलू?

जाफराबादला बबलूच्या दुकानात गेल्तो छापायला. बबलू म्हणतो, "भाऊ, इतका कोरा? लोक म्हणतील शाई संपली!" त्याला कसंबसं समजावलं, तवर मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब हजर. "मंडप आमचा, माइक आमचा, आन् आमचा फोटो कुठंय?" बरं, टाका, खाली नावासकट! अध्यक्षाचा टाकला की उपाध्यक्ष रुसतो, उपाध्यक्षाचा टाकला की सचिव... कुणी गॉगलवाला, कुणी फेटेवाला, एक जण तर फोन कानाला लावलेला! मी वरडून राह्यलो, अरे एष्टीतून वाचता आलं पाह्यजे! आन् बबलू अक्षरं बारीक करून राह्यला. शेवटी एक फोटो उरला. "भाऊ, जागा न्हाई बिलकुल. तुमचं नाव काढू का? तुम्हाला तर सगळे वळखतेत." मी म्हणलं... काढ! अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय?

शुक्रवारी पहिल्या रांगेत एका खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला. पाचची एष्टी आली, गेली... फोटोवाले पाच मिन्टं बसले, पोस्टरपाशी सेल्फी काढून निघाले. मी दीड घंटा त्या रुमालाकडं बघूनच बोललो.

सकाळी फाट्यावर एष्टी थांबली, खिडकीत सुमेधा! मी पळत खिडकीखाली. "राजानंद, वाचलं रे पोस्टर. येता-जाता चार दिवस लागले. सगळी नावं वाचली, तुझंच सापडंना... म्हणलं दुसऱ्या कुणाचा असंल. न्हाई उतरले."

कंडक्टरनं घंटी मारली.

घ्या! एकपात्रीच्या पोस्टरवर सत्तावीस माणसं. तुम्हाला सांगतो, एष्टीतून समदे वाचता आले हो... एक पात्र सोडून.