इवायलोचा हसरा फोटो

प्लोवदिवमधल्या फोटोच्या दुकानात काउंटरमागे बसलेल्या त्स्वेतापुढे दोन बायका उभ्या होत्या. धाकटीनं लग्नाचा एक जुना फोटो पुढे केला.

"दारावर लावायच्या श्रद्धांजलीच्या पत्रकासाठी हवाय. फक्त माझा नवरा ठेव."

"आणि शेजारी नवरीच्या वेशात?"

"मीच ती, त्याची पहिली बायको," थोरली म्हणाली. "काप मला, लाजू नकोस."

"राद्काताई, उपकार झाले तुमचे. माझ्याकडच्या सगळ्या फोटोंत इवायलो तोंड मिटून बसलाय."

"पुढचा दात पडल्यापासून तसाच होता, नेवेना. तुझा काय दोष?"

"क्रॉप केलं, पण तुमचा खांदा राहतोय. तो काढला तर त्यांचा कान जाईल."

"जाऊ दे कान! माझं कधी ऐकलं त्यानं?"

त्स्वेताला हसू फुटलं, तिनं जीभ चावली.

"खांदा राहू दे, मुली," नेवेना म्हणाली. " आणि न कापलेला एक मोठा काढ. घरात लावीन."

"मलासुद्धा?"

"तुमच्याशिवाय हसेल का तो?"