बैल त्याला, घोडी याला

(चैत्र, १९५७. भर दुपार. ओसरीवर दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत. मध्ये थोरली बहीण. समोर दावणीला घोडी. तिचं कुणाशी भांडण नाही.)

धर्माजी : आन हेबी इचार त्याला, आक्का. उद्या यात्रंत माझं बैल कुणाच्या मागं पळायचं? त्याच्या?

ठकुबाई : मुरारी, धर्मा इचारतोय—

मुरारी : ऐकलं. त्याला म्हणावं, वाटणीत बैल तुला आले, घोडी मला आली. माझी घोडी मी चिंचवडच्या बँडवाल्याला दिली. संध्याकाळी न्यायला येतोय.

ठकुबाई : धर्मा, हा म्हणतोय—

धर्माजी : बहिरा न्हाई मी.

ठकुबाई : मग मला कशाला मधी बसवलंय? संक्रांतीला वाटणी झाली तवापासनं तुमची बोलाचाली बंद. मी चिखलीवनं आले ती यात्रंला, पुरणपोळी खायाला. सकाळधरनं नुसते निरोप वाहतीय. टपालवाल्याला निदान पगार आसतो.

धर्माजी : त्याला सांग, शर्यतीच्या घाटात गाड्याच्या पुढं घोडी पळती, तिला बघून बैल पळत्यात. माझं बैल हिच्याबिगर कुणाला वळखत न्हाईत. दुसरी घोडी पुढं घातली तर घाटातच रवंथ करीत बसतील.

मुरारी : हे पंचांपुढं का नाही सुचलं? ‘बैल मला, घोडी त्याच्या गळ्यात घाला’ असं कोण ओरडत होतं?

धर्माजी : म्हंजे वैतागून हा गुमान परत देईल आसं वाटलं व्हतं! आक्का, इचार त्याला, पिंपरीच्या कंपनीत डूटीला काय घोडीवर बसून जातो का?

मुरारी : सायकलवर जातो. त्याला म्हणावं, सायकल चंदी मागत नाही. रात्रपाळी करून आलो की घोडीला वैरण, घोडीला पाणी! ती मागं लागते आणि हा बैलांना कुरवाळत बसतो. म्हणून विकली.

धर्माजी : आन विकली कुणाला, तर बँडवाल्याला! आरं, त्याला कुणी सांगा रं! घाटातली घोडी ती. हलगी वाजली की सुटायचं, येवढंच आबांनी शिकवलंय तिला. वरातीत ताशा कडाडला की नवरदेवाला घिऊन थेट खेड गाठंल. मांडवात नवरी बोंबलत बसंल.

मुरारी : ते बँडवाल्यानं बघावं.

ठकुबाई : नवरदेवानं बघितलेलं बरं.

धर्माजी : हसू नगंस, आक्का. माझं टकुरं फिरलंय. आणि त्याला घोडीची माया यावी कुठनं? बसलाच कवा तो? दिघीच्या माळावर पाखरीला, ह्या घोडीच्या आजीला, दौडवायचो ते आमी. हा बांधावर हुबा राहून भोकाड पसरायचा.

मुरारी : मी? आक्का, सांग त्याला! तुझ्या पाठीला लागून पहिला मी बसायचो. तो माझ्या मागं. शेपटीवर.

धर्माजी : साफ खोटं! आक्काच्या कंबरंला मिठी माझी! हा मागं, माझा सदरा धरून. नाकबी त्यालाच पुसायचा.

मुरारी : शेपटीवर बसणाऱ्याला पुढचं काय दिसणार? आणि हे गावभर सांगत फिरतो. फाल्गुनात पारावर बसून माझ्या पोराला म्हणाला, तुझा बाप घोडीला भ्यायचा. माझ्या पोराला! चार माणसांत! पोरगं घरी येऊन माझ्या तोंडाकडं बघत राहिलं. त्याच रात्री ठरवलं, घोडीच ठेवायची नाही. आता मार म्हणावं फुशारक्या, बैलाच्या शिंगावर बसून.

धर्माजी : भ्यायचा तर भ्यायचाच म्हणणार!

मुरारी : पुन्हा म्हण! आक्का, त्याला म्हणावं, पुन्हा म्हण!

ठकुबाई : थांबा. पाखरीचा लगाम कुणाच्या हातात आसायचा?

धर्माजी : तुझ्या.

मुरारी : तुझ्याच की.

ठकुबाई : दौडवायचं कोण?

धर्माजी : तू. न्हाई कोण म्हणतंय? आबा म्हणायचं, घोडीवर ठकीसारखी मांड गावात एका बाप्याची न्हाई.

ठकुबाई : मग भांडताय कशापायी?

मुरारी : ते धरायचं नसतं, आक्का. तू पुढं होतीसच. वाद मागच्या दोघांचा आहे.

ठकुबाई : अस्सं. मी धरायचीच न्हाई.

मुरारी : तसं नव्हे...

ठकुबाई : तसंच. आबा आणिकबी एक म्हणाले व्हते. सोयरीक जुळली त्या दिवशी मी माळावरनं पाखरीला घिऊन आले, तर येशीतच आडवं झाले. म्हणाले, उतर खाली, सासरची माणसं बघतील. मी उतरले. ती उतरलेच.

धर्माजी : आता ते कशाला उकरतीस? रीतच व्हती ती.

ठकुबाई : व्हती ना? मग आता माझा निरोप घ्या. दोघांनाबी एकच हाय, दोनदा सांगायला नगं. घोडी माझ्या वाट्याची.

मुरारी : तुझा कसला वाटा?

ठकुबाई : लेकीचा. दिल्लीत कायदा झालाय, बापाच्या माघारी लेकीलाबी वाटा. चिखलीच्या मास्तरांनी पेपर वाचून दाखवला. कायदा झाला जेठात, आबा गेले दिवाळीत. मी गप बसले. म्हटलं, भाऊ हायत, इचारतील. तुमी पंच बसवले, नारळ फोडला, खोबरं वाटलं. मला खोबऱ्याचा तुकडासुदीक आला न्हाई.

धर्माजी : कायदा दिल्लीत झालाय. हितं न्हाई झाला.

मुरारी : दादा, तू थांब जरा. आक्का, कुठली बहीण भावाकडं वाटा मागते गं? कुणाची मागितलेली ऐकलीस?

धर्माजी : बराबर बोलतोय मुरारी.

ठकुबाई : बघा. संक्रांतीपासनं तोंडं शिवलेली. बहिणीनं वाटा मागितला, लगीच टाके उसवले.

मुरारी : चेष्टा सोड. लोक आमच्या तोंडात शेण घालतील. दादा, सांग ना तिला!

धर्माजी : आक्का, मी तुला लुगडं घेतो. इरकली. काठ तूच निवड.

मुरारी : खण माझ्याकडून.

ठकुबाई : लुगड्यावर बसून चिखलीला जाता येत न्हाई.

धर्माजी : म्हंजे? घोडीवर बसणार तू? नातवंडं झाली की गं! गाव हसंल!

ठकुबाई : हसू दे. उतरले तवा कोण रडलं व्हतं?

मुरारी : आणि बँडवाल्याला काय सांगू? शब्द दिलाय मी त्याला!

ठकुबाई : सांग, मालकिणीला इचारायचं राहिलं.

धर्माजी : आन उद्याची शर्यतीची बारी? आक्का, माझं बैल... वर्षभर पोटच्या पोरावाणी सांभाळल्यात गं!

ठकुबाई : पहाटं दोघं चिखलीला या. मागा. देईन न्हाईतर न्हाई देणार, आत्ताच सांगत न्हाई. आणि एकटा आला त्याला दार उघडायची न्हाई.

मुरारी : हा सरळ सरळ जुलूम आहे.

ठकुबाई : मग जा कोर्टात. दोघांनी मिळून जा.

धर्माजी : आक्का, बस खाली. ताट वाढाय सांगतो. रागाच्या भरात आसल्या उन्हात चालत निघू नगंस.

ठकुबाई : चालत आले व्हते. मुरारी, घोडी त्या जोत्यापाशी घे. आता भुईवरनं पाय पुरत न्हाई.