सुचितानं लावलेला पंख

खामगावच्या बसमध्ये माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याच्या मांडीवर सुटे तुकडे जोडून केलेलं लाकडी विमान होतं; उजवा पंख त्याच्या हाताखाली झाकला होता.

“अवो, याचा डावा पंख वर उचलेल दिसते.”

“तो सुचितानं लावला हाय, गोजर. सातवीत होती तवा. मंग होस्टेलले गेली अन् विमान अर्धंच राह्यलं.”

“मंग काढून नीट लावाचा होता. आज लेकीच्याच घरी चाललो. सुतार म्हणवता सोताले.”

“काढतच होतो. ब्लेड घातलं, तं वाळलेल्या फेविकॉलात तिच्या बोटाचा ठसा दिसला. एवढासा.”

“मंग?”

“मंग उजवा पंखबी तेवढाच उचलून लावला.”

“…कुठं हाय ठसा? दाखवा मले.”

“हा पाह्य. बोट नको लावू.”