सोड म्हटलं की दोन्ही बाजू थांबल्या

मी मूळची कोल्हापूरची, सुनंदा पोवार. आता बाईमाणूस असून मी आलो, मी गेलो असं बोलतो म्हणून हसू नका, आमच्याकडं बायका असंच बोलतात, आणि इतकी वर्षं लखनौत काढली तरी ते काही गेलं नाही, जाणार कसं, इथं दुरुस्त करायला तरी कोण बसलंय. तुम्ही मराठीतनं विचारलंत म्हणून एवढं बोलतोय बघा, नाहीतर दिवसभर भैया आलू दे दो आणि अच्छा ठीक है, एवढ्यावरच भागतं माझं.

तर आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे काय, हे काय सांगू तुम्हाला, ते बघायलाच पाहिजे. वडील तालमीच्या संघात, आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच, बॅकला खेळायचे, नंतर गुडघा गेला तसे गोलच्या मागं उभे राहायला लागले, आणि उभे म्हणजे गप नव्हे हं, आमच्यात गप बसून मॅच बघतच नाहीत कोणी. आख्खं मैदान ओरडून खेळाडूला सांगत असतं, मागं ये, दे की त्याला, थांब, सोड सोड, आणि मॅच बघायला गेलेला माणूस घसा बसवून घेऊनच घरी येणार. पोरींनी खेळायचं नव्हतं तेव्हा. मग मी काय करणार, भिंतीवर बसून ओरडायचो. वडील एकदा म्हणाले, सुनंदाचा आवाज पलीकडच्या गोलपर्यंत जातो. दुसऱ्या कुठल्या गोष्टीसाठी त्यांनी माझं कौतुक केलेलं मला आठवत नाही, त्यामुळं ते जपून ठेवलंय मी.

पुढं बी.पी.एड. केलं, लग्न झालं, मालक बँकेत, त्यांची बदली लखनौला, म्हणाले दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे. कसली दोन-तीन वर्षं. इथं आलमबागकडं मुलींच्या कॉलेजात मला खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली, पोरगा इथल्या शाळेत गेला, मालक इथंच वारले, आता कुठं जाऊ. कॉलेजात तेव्हा मुलींना खो-खो आणि बॅडमिंटन, बस्स. मी म्हटलं फुटबॉल काढतो. प्राचार्या म्हणाल्या, लड़कियाँ? मी म्हटलं, मग काय बकऱ्या? आता त्या बिचाऱ्या कधीच निवृत्त झाल्या, चांगल्या होत्या, हसल्या आणि मैदान दिलं.

मला हिंदी येत होतं, पण मैदानावर घाईच्या वेळी तोंडात मराठीच यायचं. बॉल बाहेर चाललाय, गोलकीपर उगीच झेप घ्यायला निघालीय, तेव्हा वाक्य जुळवत बसता येतंय होय, सोड म्हणून ओरडलो की झालं. आणि पोरी शिकल्या की हो. चौकातल्या गल्लीतनं येणाऱ्या, काकोरीकडनं बस धरून येणाऱ्या, कुणाची आई लखनवी चिकनकारीचं भरतकाम करते, कुणाचा बाप टेम्पो चालवतो, कोल्हापूर नकाशावर दाखव म्हटलं तर मुंबईवर बोट ठेवतील, पण मागं म्हटलं की मागं, थांब म्हटलं की थांब. जुन्या पोरी नव्यांना शिकवून जायच्या. घरी माझा निखिल, पोटचा पोरगा, मी म्हणणार जेवायला ये रे, तो म्हणणार आ रहा हूँ मम्मी. कळतं त्याला सगळं, पण बोलणार हिंदीतच. तर सांगायचं काय, लखनौत माझं मराठी ऐकून पळणारं कोणी होतं तर त्या पोरी.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. माझ्या जागी नवी कोच आली, अंजली तिवारी, गोरखपूरकडची, वयानं निखिलपेक्षाही लहान, कोचिंगचा परवाना काढून आलेली. काम चांगलं वाटलं तर कायम करू, असं सांगून वर्षासाठी घेतलेली. दिवाळीपासनं पोरींचे फोन सुरू झाले. आमची गोलकीपर फरहीन म्हणायची, मैम वो कुछ बोलती ही नहीं हैं, लाइन पे खड़ी रहती हैं बस. पूनम, आमची पुढं पळणारी, ती म्हणायची, मैम हमको लंबा पास मिलता ही नहीं अब. मी वरवर म्हणायचो, अगं ऐका तिचं. आणि खरं सांगू, आतनं बरं वाटायचं.

मग होळी झाल्यावर नव्या प्राचार्यांचा फोन आला, की संघाच्या दोन बाजू करून आपसातच मॅच ठेवलीय, तुम्ही येऊन बघा, आणि तिवारीला ठेवायचं का नाही ते तुम्हीच सांगा, आम्हाला यातलं काय कळतंय. म्हणजे त्या पोरीची नोकरी माझ्या एका शब्दावर. मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण म्हटलं नाही, उलट इस्त्रीची साडी नेसून गेलो.

ऊन तापायला लागलं होतं, मैदानात धूळ, कठड्यापलीकडं मेट्रो जायची. अर्ध्या पोरींना शर्टावर चढवायचे केशरी बिब, अर्ध्यांना हिरवे. प्राचार्यांनी मला त्यांच्या शेजारी मंडपात खुर्ची दिली. आणि काय बघितलं मी. वाईट. माझ्या वेळी फरहीननं बॉल धरला की लांब लाथ, पूनम सुसाट, झालं काम. आता फरहीन बॉल जवळ टाकायची, ती पोरगी तिच्या शेजारणीला, शेजारीण परत मागं, आणि मध्येच कुणाचा तरी पाय, की गोल. एकदा असाच झाला, मग दुसऱ्या बाजूला तसाच झाला. प्राचार्या मला विचारायच्या, ये ठीक है क्या, मी ओठ दाबून बसलो. आणि दर वेळी चुकलं की पोरी तिवारीकडं बघायच्या नाहीत, मंडपाकडं बघायच्या. तिवारी हाताची घडी घालून उभी. चुकलं तरी गप, जमलं तरी गप. असला राग आला मला.

पण डोळे लबाड असतात, त्यांना दिसायचं ते दिसतंच. दुसऱ्या हाफमध्ये एकही पोरगी दमून गुडघ्यावर हात ठेवून वाकली नव्हती, माझ्या वेळी निम्म्या वाकायच्या. आणि ती सना. सना म्हणजे माझ्याकडं दोन वर्षं बाकावरच बसलेली, पळण्यात कमी, म्हणून मी तिला कधी उतरवलीच नाही, बाटल्या भरायची बिचारी. तिला तिवारीनं हिरव्यांच्या मधोमध ठेवलेली, आणि ती बॉल यायच्या आधी मान वळवून बघून घ्यायची, कोण कुठं आहे ते, आणि बॉल आला की एका टप्प्यात देऊन मोकळी. गडबड नाही, काही नाही. वडिलांनी बघितली असती तर म्हणाले असते, डोकं आहे पोरीला. हे मला दिसलं, आणि दिसलं म्हणून आणखीनच राग आला.

आणि मग ते झालं. केशरीवाल्या पूनमनं बॉल जोरात पुढं ढकलला, जरा जास्तच, तो शेवटच्या रेषेबाहेर चाललेला, आणि हिरव्यांची फरहीन त्याच्यावर झेप घ्यायला निघाली, समोरनं पूनम वेगात, दोघींची टक्कर होणार, दात पडणार एकीचे. मी खुर्चीतनं कधी उठलो मला कळलं नाही. ओरडलो, सोड. अहो, फरहीन थांबली ते ठीक. पूनमही थांबली. तिच्या मागनं येणारी हिरवी बॅक थांबली, पलीकडची केशरी थांबली. दोन्ही बाजू माझ्याच की. सगळ्यांनी बॉल सोडला. आणि तो बॉल बाहेर गेला नाही हो, धुळीत मंदावला आणि गोलच्या खांबाजवळ, रेषेच्या अलीकडंच, गप बसून राहिला. कुणीही नुसतं पायाचं बोट लावलं असतं तरी गोल. कोणी हललं नाही. सगळ्या पोरी माझ्याकडं बघत उभ्या.

प्राचार्या हसायला लागल्या. तिवारीनं शिट्टी मारली नाही. माझ्याकडं बघितलं, मग पोरींकडं, आणि शांतपणे म्हणाली, "खेल चल रहा है।"

तरी कोणी हलेना. शेवटी कोण आली सांगू, सना आली. मधल्या जागेवरनं चालत, पळतही नाही, आली, बॉल पायाखाली घेतला, मान वळवून बघितलं आणि पलीकडच्या पोरीला देऊन टाकला. तिला माझ्या हाका लागूच नव्हत्या. मैदानात उतरवलीच नव्हती ना मी तिला कधी.

नंतर प्राचार्यांच्या खोलीत चहा, होळीच्या उरलेल्या गुजिया, म्हणजे आपल्या करंज्याच. प्राचार्या अजून हसत होत्या. म्हणाल्या, देखा आपने, टीम आज भी आपकी ही है, तिवारीला धन्यवाद म्हणून मोकळं करू, जुलैपासनं तुम्हीच या. काय सांगू तुम्हाला, हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. घरात दुपारी चारला, सरावाच्या वेळेला, घड्याळाशिवाय काही बोलत नाही हो. मी तिथल्या तिथं हो म्हणणार होतो. पण ती गुजिया तोंडात होती, ती गिळेपर्यंत सना डोळ्यांपुढनं हलेना. म्हटलं, उद्या सांगतो.

बाहेर पडलो तर तिवारी फाटकापाशी बिब मोजून पिशवीत भरत होती. तिला माहीत होतं मी कशासाठी आलोय, पण गोड बोलली नाही, विनवणी नाही. म्हणाली, "मैम, जो देखा वही कहिएगा। बस एक बात बताइए, आप मैदान पे नहीं होंगी, तब ये किसकी तरफ़ देखेंगी?"

मी म्हटलं, तुझ्याकडं बघतील. ती म्हणाली, "मेरी तरफ़ भी क्यों देखें?"

मी तडक जाऊन मेट्रोत बसलो. राग आला होता, कालची पोरगी मला शिकवते. पण मग आठवायला लागलं, आम्ही बाहेरगावी स्पर्धेला जायचो तिथं पहिल्या नाहीतर दुसऱ्या मॅचला घरी. मी दर वेळी म्हणायचो, मैदान खराब, रेफरी त्यांच्याच गावचा. आणि तिथं दुसऱ्यांची माणसं एवढा दंगा करायची की माझा आवाज पोरींपर्यंत पोचायचाच नाही. मी चुकलो असं मी आजही म्हणणार नाही. माझ्याजवळ आवाज होता, तो मी दिला, दुसरं काय होतं माझ्याजवळ. पण ती पोरगी विचारत होती ते खोटं नव्हतं.

घरी निखिलला सगळं सांगितलं. तो मोबाइलमधनं डोकं वर काढून म्हणाला, मम्मी आप जाना चाहती हो तो हाँ बोल दो ना, इसमें सोचना क्या. प्रेमानंच म्हणाला. त्याला वाटलं प्रश्न माझ्या जाण्याचा आहे.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना सांगितलं, संघ आत्ता वाईट खेळतोय, पुढच्या हंगामातही बहुतेक हरेल, तरी तिवारीला ठेवा. त्यांना काही कळेना, म्हणाल्या, हारेगी तो रखें क्यों? मी म्हटलं, तुम्ही मला बघायला बोलावलं होतं, मी बघितलं ते सांगितलं. और आप? मी म्हटलं, मी येणार नाही. हे म्हणताना माझा आवाज, तो पलीकडच्या गोलपर्यंत जाणारा, टेबलापलीकडंसुद्धा नीट गेला नाही.

तिवारीला आणखी वर्षभर ठेवलंय, आणि झालं काय म्हणाल, तर पहिल्या स्पर्धेत पहिल्याच मॅचला हरून आल्या. पूनमनं संघ सोडला. फरहीन माझा फोन घेत नव्हती, एकदा घेतला तेव्हा रडून म्हणाली, मैम आपने हमारा साथ नहीं दिया. प्राचार्या रस्त्यात भेटल्या, नमस्ते केलं, थांबल्या नाहीत. कधी कधी वाटतं, कुठल्या तत्त्वापायी केलं मी हे, पोरींचं नुकसान करून बसलो काय. सना आहे, एवढंच. एका सनापायी सगळा संघ, असं कुठं असतंय होय. मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असलं तर सांगा.

जातो मी अजून. मंडपात नाही, पार पलीकडं कडुनिंबाखाली भिंतीवर बसतो, तोंडात लवंग धरून, म्हणजे तोंड उघडायचं नाही. तिवारी लांबनं मान हलवते, मीही हलवतो. परवा बसलो होतो, तर मैदानातनं खणखणीत हाक आली, मागं ये, मागं. अस्सल आमच्या पेठेतली. मी अर्धा उठलोच हो, पदर सावरत, वडील बोलावताहेत असं वाटलं क्षणभर. बघतो तर फरहीन गोलमधनं सनाला ओरडत होती, आणि सना, जिला ते शब्द मी कधी शिकवले नव्हते, मागं येत होती. भिंतीकडं कोणी बघितलंसुद्धा नाही. मी लवंग चावली आणि बसलो परत. सुखी राहू देत पोरी, हरेनात का, हाक आपली ऐकू येतीय तोवर मी येऊन बसणार.