लोटी आजीनं दिलेलं नाव

(ओशवेकन, कॅनडातली मूळनिवासींची वस्ती. कासव कुळाच्या कुळमातेचं अंगण. अल्टा मावशी आणि तिची भाची रेनी पांढऱ्या मक्याच्या कणसांची वेणी घालताहेत.)

रेनी : तिसऱ्यांदा विचारतेय, मावशी. आजीची वही देतेस की नाही? शब्दकोशवाल्यांना दुपारपर्यंत उत्तर हवंय.

अल्टा : वेणी सैल पडतेय तुझी. हिवाळ्यात कणसं गळतील.

रेनी : आपल्या भाषांच्या अभ्यासकांना इंग्रजीत ‘इरोक्वॉयनिस्ट’ म्हणतात. मी स्वतः त्यातलीच. तो शब्द आधी कुणी लिहिला, एवढंच विचारलंय त्यांनी. आजीच्या वहीत तो आहे, हे तूच परवा बोलून गेलीस.

अल्टा : झक मारली नि बोलले.

रेनी : अगं, पण लाज कसली त्यात?

अल्टा : कुळमाता होती माझी आई. कुळाची सगळी नावं तिच्या ताब्यात. नाव द्यायचं ते लाँगहाउसात, कुळाच्या सभेत, माणूस उभा करून, चारचौघांसमोर. आणि हिनं चुलीपाशी, हातात पळी धरून, तीन परक्या प्रोफेसरांना नाव वाटलं.

रेनी : का पण?

अल्टा : वैतागली होती. महिनाभर रोज येऊन बसायचे. ‘सूप आटलं’ला काय म्हणता, ‘सूप आटलं असतं’ला काय म्हणता. विचारता विचारता पातेलं रिकामं करायचे. त्यात तिची दाढ काढलेली. म्हणाली, डेंटिस्ट बरा, एक दात उपटून गेला तरी. हे इरोक्वॉयनिस्ट रोज तोंडातून काही ना काही उपटून नेतात. रागारागानं वहीतही लिहून ठेवलंन.

रेनी : मावशी, सोनं आहे हे.

अल्टा : हसू नकोस. आपण स्वतःला लाँगहाउसवाले म्हणतो. ‘इरोक्वॉय’ हे परक्यांनी ठेवलेलं नाव, आणि हिनं त्यालाच डेंटिस्टचं शेपूट लावून दिलं.

रेनी : बरं, राहू दे वही. त्या तिघांतल्याच एकाचं नाव छापतील. त्यानंच शब्द घडवला म्हणतील.

अल्टा : कोण? तो सूपातलं मांस वेचून खाणारा?

रेनी : तोच. पुस्तक आहे त्याचं.

अल्टा : पिठाच्या डब्यामागे आहे वही.

रेनी : काय लिहू? लोटी आजीनं दिलं?

अल्टा : दिलं नको. उसनं दिलं, लिही. माणूस गेला की नाव कुळाकडे परत येतं. ते तिघंही गेले. हे काही आलं नाही अजून.

रेनी : माझ्याकडे आहे ते, मावशी.

अल्टा : मग घरातच आहे म्हणायचं. ती वेणी सोड, परत घाल. घट्ट.